खाण बंद होतेय, वळवलेला ओढा परत कसा आणायचा?

ओढाकाठ :
आमच्या शिवाराला लागून असलेली कोळशाची ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेली) खाण पुढच्या वर्षी बंद होते आहे. खाण सुरू झाली तेव्हा आमचा ओढा तिच्या कडेने सरळ चर खोदून वळवला. आता आराखड्यात लिहिलंय की मातीचे ढिगारे सपाट करून, दाबून त्यावर झाडं लावणार आणि तो चर दगडांनी बांधून कायमचा ठेवणार. मी देखरेख समितीत आहे, पण इंजिनिअर नाही. त्या ओढ्याच्या डोहात मी पोहायला शिकले. चरात डोह नाही, वाळू नाही, सावली नाही. पाऊस पडला की पाणी धावत येतं आणि तासाभरात निघून जातं. बैठकीत मी नेमकं काय विचारावं? आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी नारिंगी पाणी झिरपतं, ते खाण बंद झाल्यावर आपोआप थांबेल का?

पाणीतपासणी :
नारिंगी पाणी आपोआप थांबत नाही. कोळशासोबत निघालेल्या खडकात बऱ्याचदा पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. हवा आणि पाणी मिळालं की त्यातून आम्ल आणि विरघळलेलं लोह तयार होतं, आणि उघड्यावर आल्यावर ते लोह दगडांवर नारिंगी गाळ होऊन बसतं. त्या गाळाखाली पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या जगत नाहीत, मग मासेही राहत नाहीत. जर्मनीच्या लुसाटिया भागात बऱ्याच खाणी १९९० नंतर बंद झाल्या. खाणीतल्या पाण्याचा उपसा थांबला, भूजल परत वर चढलं आणि कित्येक वर्षांनी श्प्रे नदी लोहाने तपकिरी झाली. म्हणून पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप), लोह आणि सल्फेट आत्तापासून दर महिन्याला मोजायला लावा. खाण बंद झाल्यावर मोजायला सुरुवात केली तर तुलना कशाशी करणार?

जुना सर्व्हेअर :
ताई, मी एकोणीस वर्षं खाणींवर मोजणी केली, त्यातली शेवटची अकरा खाणी मिटवण्याच्या कामात. तुमच्या आराखड्यातला क्रमच उलटा आहे. आधी जमीन सपाट करायची आणि मग उरेल तिथून पाणी काढायचं, असं त्यात धरलंय. आधी ओढा आखायला हवा, मग सगळी जमीन त्याच्याकडे उतरती करायला हवी.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्या कामावर आम्ही ढिगाऱ्याला पायऱ्या काढल्या, प्रत्येक पायरीवर चर काढला आणि सगळे चर एका सरळ दगडी उतरणीत सोडले. पण भराव सगळीकडे सारखा बसत नाही. एक पायरी वीतभर खचली, तिथे पाणी साचलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्रीत फुटलं. सकाळी त्या घळीत उतरलो तर दोन्ही काठ माझ्या डोक्याच्या वर. तळाशी आम्हीच लावलेली रोपं मुळांसकट पडली होती. एक उचलून पाहिलं. मुळं खाली गेलीच नव्हती. लावताना केलेल्या खड्ड्याच्या आकारातच गोल गोल फिरली होती, कारण बाहेरची जमीन आमच्या डोझरने दगडासारखी दाबली होती. ते रोप बरेच दिवस माझ्या टेबलावर होतं.

आता ओढ्याबद्दल. खाणीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला न खोदलेला ओढा शिल्लक असतो. नवं पात्र त्या दोन टोकांना पातळीत जुळलं पाहिजे. साधारण दीड वर्षातून एकदा येणारं काठोकाठ पाणी पात्राची रुंदी ठरवतं. डावं-उजवं मिळून एका पूर्ण वळणाची लांबी त्या रुंदीच्या दहा ते चौदा पट भरते. त्याहून मोठा पूर पात्रात कोंडायचा नसतो, त्याला दोन्ही बाजूंना पसरायला सखल जागा ठेवायची. तुमच्या चरात तो कोंडला जातो, म्हणून पाणी धावतं आणि तळ खरवडतं.

आणखी एक गोष्ट आराखड्यात हमखास सुटते. भरावावरून ओढा नेला की भराव त्याचं पाणी पितो. आमचा पहिला तुकडा चाळीस पावलांत कोरडा पडला. पाणी ढिगाऱ्यात शिरलं, पायराइटमधून फिरलं आणि पायथ्याशी नारिंगी होऊन निघालं. तेव्हा ताई, तुमचे दोन प्रश्न बहुधा एकच आहेत. पात्राखाली चिकणमातीचा दाबलेला थर किती जाडीचा देणार, हे लेखी मागा. दाबायचं ते फक्त तिथे.

ढिगाऱ्याखाली कोणते झरे गाडले गेलेत, हेही विचारा. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला सातव्या क्रमांकाचा ढिगारा झऱ्यांवरच रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. खाण बंद झाल्याने ढिगाऱ्याखालचं पाणी बंद होत नाही.

रोपवाटिका :
वरच्या मुळांच्या गोष्टीला जोडून लिहिते. अमेरिकेत खाणीची जमीन पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर ढिगारे मूळ उंचसखलपणाच्या जवळ आणले गेले. पण घसरू नयेत म्हणून इतके दाबले, की अ‍ॅपलेशियन डोंगरांत वर्षानुवर्षं गवताखेरीज फारसं काही वाढलं नाही. २००४ पासून तिथे वेगळी पद्धत पुढे आणली : वरचा निदान १.२ मीटर थर सैल सोडायचा, डोझर कमीत कमी वेळा फिरवायचा आणि दाट गवत पेरायचं नाही, कारण ते रोपांचं पाणी आणि ऊन खातं. दिसायला ती जमीन ओबडधोबड असते. तपासायला येणारे सपाट हिरवळीवर खूश होतात, त्यावर भांडायची तयारी ठेवा. सुरुवातीला बाजूला काढलेली वरची माती कुठे आहे, किती उंच रचली आहे, तेही बघा. उंच ढिगात तळाची माती हवेवाचून निर्जीव होते.

ओढाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल विचारलं, तर उत्तर आलं की वळणांना जागा जास्त लागते, खर्च वाढतो, सरळ चर स्वस्त पडतो.

जुना सर्व्हेअर :
आज स्वस्त पडतो. जर्मनीच्या रूर भागात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, गटारं जमिनीखाली घालता येईनात, म्हणून एम्शर नदीच काँक्रीटच्या सरळ पात्रात बांधून सांडपाण्याला दिली. ती पुन्हा मोकळी करायचं काम १९९२ ला सुरू झालं, आणि नदी सांडपाण्यातून सुटायला २०२१ संपत आलं. अब्जावधी युरो गेले. हे बैठकीत सांगा. आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी ठेवलेली खाणवाल्यांची अनामत लगेच सोडू नका म्हणावं. त्या अमेरिकन कायद्यात लागवडीनंतर पाच वर्षं, कोरड्या भागात दहा वर्षं जबाबदारी त्यांच्यावरच राहते. बैठकीला जाण्याआधी वरच्या अंगाला ओढ्याची काठोकाठची रुंदी पाच ठिकाणी टेप लावून मोजा. तिरका काठ जिथे संपून सपाट जमीन सुरू होते, ती काठोकाठच्या पाण्याची रेष. फोटोत टेप दिसू द्या.

ओढाकाठ :
मोजलं. ३.१, २.८, ३.४, ३.० आणि ३.२ मीटर. डोहाच्या जागी कमरेइतकं पाणी अजून आहे. खाणीआधीचा जुना नकाशाही मिळाला. ढिगाऱ्याखाली त्यावर दोन झरे दाखवलेत. त्यातला एक, नारिंगी पाणी जिथे झिरपतं त्याच्या अगदी सरळ वर.