सीपॅप सहन होत नाही, टाळूचं ऑपरेशन करावं का?

ह्यांना स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) आहे. स्लीप स्टडी झाली, एएचआय ३८ आलाय, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडतो नाहीतर अर्धवट होतो. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आणलं पण नाक कायम चोंदलेलं, दोन तासांत मास्क काढून फेकतात. आता ईएनटी डॉक्टर म्हणतायत टाळू आणि टॉन्सिलचं ऑपरेशन करू. मी रात्री उठून उठून श्वास चालू आहे ना बघत बसते. कोणी केलंय का हे, कायमचं बरं होतं का?

उत्तर १:
मी केलंय. पहिले दोन आठवडे थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाणी प्यायलो की नाकातून बाहेर, ते महिनाभराने थांबलं. घोरणं बंद झालं म्हणून घरचे खुश, मीपण खुश, परत टेस्टच केली नाही. वर्षाने दिवसा पेंगायला लागलो, टेस्ट केली तर एएचआय ४१ चा फक्त २४ झालेला. आवाज गेला पण आजार राहिला. तीन-चार महिन्यांनी टेस्ट परत कराच, घोरण्यावर विश्वास ठेवू नका.

उत्तर २:
ताई, आधी विचारा की श्वास नक्की कुठे अडतोय. औषधाने झोपवून नाकातून दुर्बीण घालून बघतात, डाइस म्हणतात त्याला. टॉन्सिल मोठे असतील तर टाळूच्या ऑपरेशनचा चांगला फायदा होतो, पण जीभ मागे पडत असेल तर नुसता टाळू करून फारसं काही होत नाही. मग दोन्ही जबडे साधारण १ सेंटीमीटर पुढे आणायचं ऑपरेशन असतं, मोठं आहे, चेहरा थोडा बदलतो, पण एएचआय सगळ्यात जास्त त्यानेच उतरतो (गळ्याला भोक पाडणं सोडलं तर). जिभेच्या नसेला करंट देणारं मशीन छातीत बसवतात तेही आहे, अमेरिकेत २०१४ ला मंजूर झालं, पण टाळूपाशी घसा चारी बाजूंनी बंद होत असेल तर सहसा ते बसवत नाहीत.
आणि नाकाचं आधी बघा हो! पडदा वाकडा असेल तर तो सरळ करून एएचआय फार उतरत नाही, पण मास्क सहन व्हायला लागतो, प्रेशरही कमी लागतं.

उत्तर ३:
कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी भूलतज्ज्ञांना अॅप्निया आहे हे स्वतःहून सांगा, सीपॅप हॉस्पिटलात घेऊन जा. भूल आणि दुखण्याच्या काही औषधांनी श्वास अजून मंदावतो.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. डाइसचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, नाकाचा पडदा वाकडा आहे हे मात्र रिपोर्टमध्ये लिहिलंय. टाळूची तारीख पुढे ढकलतेय, आधी हे दोन्ही विचारून येते.