रुग्णसंख्या दुप्पट झाली, मृत्यू मात्र घटले: लोकसंख्येचे आरोग्य सुधारले की खालावले?

विषय मांडणारे: नवशिका_अभ्यासक

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी दोन लोकसमूहांची तुलना करण्याचा स्वाध्याय मला मिळाला आहे. पहिल्या समूहात एका दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांचे प्रमाण दहा वर्षांत दुप्पट झालेले दिसते, पण त्याच आजाराने होणारे मृत्यू कमी झाले आहेत. दुसऱ्या समूहाचे उत्पन्न आणि वैद्यकीय सोयी दोन्ही अधिक असूनही त्याचा मृत्युदर पहिल्यापेक्षा जास्त आहे. आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले. त्यांत चूक नाही. मग चूक माझ्या वाचनात आहे का? शिवाय, अशा फरकांचे कारण म्हणून लोकांच्या सवयी, दवाखाने आणि गरिबी यांपैकी नेमके कशावर बोट ठेवावे?

उत्तर १: आकडेमोड

आपण ज्याला रुग्णांचे प्रमाण म्हणता ते बहुधा प्रिव्हलन्स आहे, म्हणजे एका ठरावीक वेळी त्या आजारासह जगत असलेल्यांचे प्रमाण. ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचा दर म्हणजे इन्सिडन्स, आणि तो वेगळा मोजावा लागतो. एक लाख लोकांत दरवर्षी 200 जणांना आजार होत असेल आणि प्रत्येक जण त्यासह सरासरी 5 वर्षे जगत असेल, तर कोणत्याही दिवशी सुमारे 1000 रुग्ण आढळतील. उपचार सुधारले आणि हा काळ 10 वर्षांवर गेला, तर नव्या रुग्णांत एकाचीही भर न पडता ही संख्या कालांतराने 2000 होईल. एचआयव्हीच्या बाबतीत हेच घडले. 1996 च्या सुमारास संयुक्त औषधोपचार सुरू झाले, पुढे ते जगभर पोहोचले, नवे संसर्ग आणि मृत्यू घटत गेले, तरीही विषाणूसह जगणाऱ्यांची एकूण संख्या वाढत राहिली. ही वाढ उपचारांच्या यशातून आलेली आहे.

मात्र नव्या रुग्णांचा दरही डोळे झाकून स्वीकारण्यासारखा नसतो. दक्षिण कोरियात 1993 ते 2011 या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान सुमारे 15 पटींनी वाढले, पण त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर जवळजवळ जागचा हलला नाही. सोनोग्राफीने तपासण्या वाढल्या आणि एरवी आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठीही नोंदीत आल्या. म्हणून तपासण्या किती वाढल्या, हे आपल्या आकड्यांबाबतही आधी पाहावे.

उत्तर २: मधला_बाक

दुसऱ्या कोड्याचे उत्तर वयात आहे. जपानमध्ये वर्षाला दर हजारी 10 हून अधिक मृत्यू होतात, तर कतारमध्ये 2 हून कमी. तरीही जपानी माणसाचे अपेक्षित आयुर्मान जगात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे. जपानमध्ये वृद्धांची संख्या मोठी आहे आणि कतारमध्ये कामासाठी आलेल्या तरुण परदेशी पुरुषांची. त्यामुळे ढोबळ मृत्युदरांची थेट तुलना करू नये. दोन्ही समूहांचे वयोगटनिहाय दर एकाच प्रमाण लोकसंख्येला (म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या एकाच वयरचनेच्या लोकसंख्येला) लावून पाहावेत; यालाच वयानुसार प्रमाणीकरण म्हणतात.

नवशिका_अभ्यासक

दोघांचेही आभार. प्रमाणीकरण करून पाहिले आणि दुसरा समूह खरोखरच पुढे गेला. पण मग सरासरी आयुर्मान हा एकच आकडा दिला तर पुरेसे होणार नाही का?

उत्तर ३: आकडेमोड

आयुर्मानात वयरचनेचा दोष नाही, हे खरे. तरीही तो आकडा विलक्षण फसवा असू शकतो. 100 अर्भके जन्मली, त्यांतली 30 जन्मताच दगावली आणि उरलेली 70 माणसे नेमकी साठ वर्षे जगली, असे धरले तर सरासरी 42 येते. त्या समाजात बेचाळिसाव्या वर्षी मात्र कोणीच मेलेले नसते. म्हणून अर्भकमृत्युदर वेगळा द्यावाच लागतो.

आयुर्मान सांगत नाही ती गोष्ट म्हणजे जगलेली वर्षे कशी गेली. त्यासाठी डॅली हे माप आहे. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात किंवा अपंगत्वात काढलेल्या वर्षांचा तीव्रतेनुसार ठरवलेला भार, यांची ती बेरीज असते. जागतिक बँकेच्या 1993 च्या अहवालामुळे हे माप सर्वांसमोर आले. त्या वेळी ऐन उमेदीतल्या वर्षांना बालपण आणि म्हातारपणापेक्षा अधिक वजन दिले जात असे. पुढे ते वजन काढून टाकले गेले. मला हा बदल फार बोलका वाटतो, कारण कोणाच्या एका वर्षाची किंमत किती, हा निर्णय गणिताच्या आधीच कोणीतरी घेतलेला असतो. डॅली जरूर वापरा, पण कोणती वजने वापरली आहेत ते लिहा.

उत्तर ४: उतरंड

कारणांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. एखादी व्यक्ती आजारी का पडली आणि एखाद्या समूहात आजार जास्त का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985 मध्ये हा फरक ठळकपणे मांडला. समजा मूळ जोखीम लाखात 100 आहे. एका घटकामुळे ती दसपट होते, पण तो एक टक्का लोकांतच आहे. दुसऱ्यामुळे ती फक्त दीडपट होते, पण तो निम्म्या लोकांत आहे. एक लाखाच्या समूहात पहिल्यामुळे 9 जादा रुग्ण होतील आणि दुसऱ्यामुळे 25. भयंकर जोखमीच्या मूठभरांपेक्षा किंचित जोखमीचे असंख्य लोकच समूहातला आजार अधिक वाढवतात.

आता सवयी की गरिबी, हा प्रश्न. लंडनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे 18,000 पुरुष होते, त्यांतला कोणीही बेकार नव्हता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग उरलाच. महत्त्वाचे म्हणजे हा फरक पायरीपायरीने होता, म्हणजे वरून दुसऱ्या श्रेणीतला माणूसही पहिल्या श्रेणीतल्या माणसापेक्षा मागेच होता. तेव्हा ‘गरीब’ आणि ‘बाकीचे’ असे दोनच गट पाडू नका. दवाखान्यांचे म्हणाल तर इंग्लंडमध्ये क्षयाचे बहुतेक मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे प्रभावी औषध येण्यापूर्वीच घटले होते. राहणीमान सुधारले की आरोग्य आपोआप सुधारते, हे ब्रिटिश वैद्यक-अभ्यासक टॉमस मॅककिऑन यांचे म्हणणे मला पटते.

उत्तर ५: मधला_बाक

‘आपोआप’ या शब्दावर माझी हरकत आहे. इतिहासकार सायमन झ्रेटर यांनी 1988 मध्ये मॅककिऑन यांच्या याच मांडणीला आव्हान दिले. स्वच्छ पाणी, गटारे आणि घरबांधणीचे नियम यांसाठी नगरपालिकांना कर लावावे लागले, विरोधकांशी झगडावे लागले, आणि तेव्हा कुठे मृत्यू घटले, असा त्यांचा मुद्दा आहे. उत्पन्न वाढले पण ते सार्वजनिक कामात उतरले नाही, तर वेगाने वाढणारे शहर अधिक रोगटही होऊ शकते. नवशिका_अभ्यासक, आपल्या दुसऱ्या समूहाबाबत केवळ उत्पन्न जास्त आहे एवढे लिहून थांबू नका. पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली, याची नोंद मिळाली तर ती मृत्युदराच्या आलेखाशेजारी ठेवून पाहा.