मदत हवी आहे, उंदरिणीचं एक पिल्लू दूध पीत नाहीये
माझ्या पाळीव उंदरिणीला काल रात्री 11 पिल्लं झाली, नराला लगेच वेगळ्या पिंजऱ्यात हलवलंय कारण ती 24 तासांत परत गाभण राहू शकते. दहा जणांच्या पोटात दुधाचा पांढरा पट्टा कातडीतून स्पष्ट दिसतोय पण सगळ्यात छोट्याचं पोट रिकामं आणि अंगही गार लागतंय, मी घरट्यातला टिश्यू हाताला चोळून त्याला मुठीत ऊब दिली आणि आईच्या पोटाशी ठेवलं तर बाकीची त्याला ढकलतात. आई शांत आहे बिचारी, चाटतेय त्याला. अर्धी पिल्लं थोडा वेळ बाजूला उबेत ठेवून याला पाजू द्यावं का? किती वेळ चालेल? कोणी केलंय का असं? प्लीज लवकर सांगा, जीव कासावीस झालाय.