अवकाश मोहिमांवरचा खर्च परवडतो का? हिशोब नेमका कसा मांडायचा?

माणदेशी:
"चंद्रावर जाण्याआधी आमच्या टँकरचं बघा" हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. टँकरच्या रांगेत उभं राहून कुणी हे म्हणत असेल, तर त्याला "देशाचा अभिमान" हे उत्तर पुरत नाही. म्हणून अभिमान आणि प्रतिष्ठा बाजूला ठेवून बोलू या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपये होते. ते जातात कुठे? दुष्काळी तालुक्याच्या पदरात त्यातलं काय पडतं? आणि गगनयानसारखी माणूस अवकाशात नेणारी मोहीम त्याच तराजूत तोलायची कशी? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

रुपयाआणेपै:
आधी रकमेचा आवाका बघू. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले २६ पैसे अवकाशाला. डोई वर्षाला ९५ रुपयांच्या आसपास. त्याच अर्थसंकल्पात मनरेगाला ८६,००० कोटी होते. सगळा अवकाश विभाग बंद करून पैसे तिकडे वळवले असते, तरी मनरेगा दोन महिनेही चालली नसती. त्यामुळे टँकर अवकाशामुळे अडले आहेत हे गणित बसत नाही. पण पैसा थोडा आहे म्हणून तो सार्थकी लागतो असंही नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

एक सावधगिरी. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी सगळीकडे फिरतात. त्यात ऑर्बिटरचा खर्च नाही, कारण २०१९ मध्ये गेलेला चांद्रयान-२ चा ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच होता आणि तोच वापरला. चांद्रयान-२ ला ९७८ कोटी लागले होते. चंद्रावर उतरण्याची खरी किंमत काढायची तर दोन्ही आकडे जोडायला हवेत.

मंगळयानाचे ४५० कोटीही असेच उघडून बघावेत. १,३३७ किलोच्या यानात ८५२ किलो इंधन होतं आणि पाचही उपकरणं मिळून साधारण १५ किलो. पीएसएलव्ही हा अग्निबाण त्याला थेट मंगळाच्या वाटेवर ढकलू शकत नव्हता, म्हणून पृथ्वीभोवती फिरत फिरत कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली. स्वस्ताईची किंमत विज्ञानाने मोजली. मिथेन शोधायला बसवलेल्या उपकरणाची रचना त्या कामाला पुरेशी ठरली नाही. मंगळाच्या कक्षेत पहिल्याच खेपेत पोचण्याचं मोल मोठंच आहे, पण ते अभियांत्रिकीचं यश होतं. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकू नयेत.

अक्षांश:
दुष्काळाचं सांगतो, कारण इथे उपग्रहाचा थेट संबंध सातबाऱ्यापर्यंत पोचतो.

हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून वनस्पती निर्देशांक निघतो. त्याच्या जोडीला लघुलहरी अवरक्त घेतला की पानातल्या ओलाव्याचा अंदाज येतो. यंदाच्या पंधरवड्याचा आकडा मागच्या अनेक वर्षांतल्या त्याच पंधरवड्याशी ताडतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पहिली कसोटी पावसाची आहे. त्यानंतर पेरणीक्षेत्र, उपग्रहाचे निर्देशांक, जमिनीतली ओल आणि जलसाठे यांचा विचार होतो, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष शिवारात जाऊन पडताळणी. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्याने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले ते या नव्या पद्धतीने.

आता चुकतं कुठे ते बघा. रिसोर्ससॅट या उपग्रहाचा रुंद पट्ट्याचा कॅमेरा पाच दिवसांनी त्याच जागी येतो, पण त्याचा एक ठिपका ५६ मीटर बाय ५६ मीटरचा, म्हणजे साधारण ३१ गुंठे. पाऊण एकरातली बाजरी, बांधावरची बाभळ आणि शेजारचा विहिरीवरचा ऊस यांचा मिळून एकच आकडा येतो. तालुक्याची सरासरी काढली की कॅनॉलखालचा ऊस सगळा तालुका हिरवा दाखवतो आणि माळावरची करपलेली ज्वारी त्यात लपते. यावर उपाय आहे: पीकनिहाय नकाशा आधी करून ऊस आणि फळबागा वगळायच्या, मग सरासरी काढायची. साडेतेवीस मीटरच्या कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांचा, त्यावर हे बरंच नीट जमतं. पण तो त्याच जागी २४ दिवसांनी येतो आणि ऑगस्टमध्ये नेमका त्या दिवशी ढग असतो. ढगातून बघायला रडार लागतं. फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४ आणि जुलै २०२५ मध्ये गेलेला, नासाबरोबर केलेला निसार हे रडार उपग्रह त्यासाठीच. निसार बारा दिवसांनी त्याच जागी येतो आणि त्यात भारताचा वाटा ७८८ कोटींचा आहे. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला हा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च. विदा (डेटा) मोफत आहे. तालुका पातळीवर तो वाचणारी माणसं नेमली, तरच त्याचं चीज होईल.

दर्यावर्दी:
किनाऱ्याची बाजू राहिली. हैदराबादची इन्कॉइस संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला मराठीतही देते. समुद्राच्या पृष्ठाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजायचं. थंड-गरम पाण्याची सीमा आणि हरितद्रव्याची दाटी जिथे जुळते, तिथे चारा असतो, म्हणून मासळी असते. सल्ल्यात बंदराचं नाव, दिशा, अंशांतला कोन, किलोमीटरमधलं अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. तांडेलाने ते आकडे जीपीएसमध्ये टाकले की झालं. बांगडा, तारलीसारख्या वरच्या पाण्यातल्या थव्यांसाठी हे उपयोगी आहे, तळाच्या कोळंबीला नाही. आभाळ भरलं की सल्ला निघत नाही, कारण दोन्ही मोजमापं ढगाखाली आंधळी होतात. आणि पाणी सरकत असतं, त्यामुळे सल्ला शिळा झाल्यावर निघणाऱ्याचं डिझेल फुकट जातं.

चक्रीवादळांचा हिशोब तर माणसांच्या जिवांत आहे. १९९९ च्या ओडिशातल्या महावादळात दहा हजारांच्या घरात माणसं गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासहून कमी. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही. निवारे, रस्ते आणि वेळेत लोकांना हलवणारं प्रशासन हवंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचे इशारे आधीच निघाले होते, तरी मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली. उपग्रह वादळ दाखवतो, नांगर उचलण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो.

२०१७ च्या ओखी वादळात वेगळीच अडचण होती. अनेक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या आणि तिथवर मोबाइल पोचत नाही. आता १ लाख बोटींवर उपग्रहाशी दुहेरी संदेश करणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ३६४ कोटींची योजना आहे. बसवताना अँटेनाला वर मोकळं आभाळ हवं. केबिनच्या छपराखाली किंवा लोखंडी डोलकाठीला चिकटून लावला, तर संदेश जात नाही.

माणदेशी:
हे पटलं. पण हे सगळं खाली बघणाऱ्या उपग्रहांचं झालं. गगनयानचं काय?

भूस्थिर:
खरा वाद तिथेच आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: गगनयानला विरोध नाही, पण क्रम चुकतोय.

२०१८ मध्ये ९,०२३ कोटींना मंजूर झालेला हा कार्यक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेला. वाढलेल्या रकमेत जादा उड्डाणं आणि अवकाशस्थानकाचा पहिला भाग धरला आहे. त्याच दिवशी मंजूर झालेल्या चांद्रयान-४ ची किंमत २,१०४ कोटी, यावरून प्रमाण कळेल. माणूस बसवायचा म्हटलं की रॉकेटचा प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, प्राणवायू आणि तापमानाची यंत्रणा उभारायची, आणि उड्डाण बिघडलं तर कुपी ओढून दूर नेणारी वेगळी मोटर लावायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच सुटकायंत्रणेची पहिली उड्डाणचाचणी झाली. यातलं काहीच टाळता येण्यासारखं नाही.

आता दुसरीकडे बघा. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की नाविक या आपल्या जीपीएससारख्या यंत्रणेचे ११ उपग्रह सोडले, त्यांपैकी ४ च तेव्हा स्थाननिश्चितीची सेवा देत होते. जागा काढायला किमान चारच लागतात. म्हणजे एक बंद पडला की सेवा लंगडी. सुरुवातीच्या पिढीतली परदेशी अणुघड्याळं एकामागून एक बिघडली. २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णतारोधक कवच न सुटल्याने आतच अडकला. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ हा नाविकचाच उपग्रह कक्षा वाढवू शकला नाही, कारण ऑक्सिडायझरचे व्हॉल्व्ह उघडले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये तर भारतावर सतत नजर ठेवण्यासाठीचा ईओएस-०३ उड्डाणातच वाया गेला. निमित्त काय, तर गळक्या व्हॉल्व्हमुळे द्रव हायड्रोजनच्या टाकीत दाब कमी पडला आणि क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही. पुढची काही वर्षं त्याच्या जागी दुसरा गेला नाही.

अपयश येणारच. चांद्रयान-२ चं लँडर कोसळलं, त्यातून उतरण्याची जागा अर्धा बाय अर्धा किलोमीटरवरून ४ बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, वेग मोजायला लेसर बसवला, आणि चांद्रयान-३ उतरलं. पण वादळ आणि पूर दुसऱ्या प्रयत्नापर्यंत थांबत नाहीत. सेवा देणाऱ्या प्रत्येक उपग्रहाचा जोडीदार जमिनीवर तयार असायला हवा. माझ्या हातात असतं तर पहिला रुपया तिथे गेला असता.

रुपयाआणेपै:
भूस्थिर, क्रमाबद्दल सहमत. फक्त एक भर. जोडीदार उपग्रह नाहीत ते दर वेळी पैशाअभावीच, असं धरू नका. २०२२-२३ मध्ये विभागाला १३,७०० कोटी दिले होते, सुधारित अंदाजात ते १०,५३० कोटींवर आले. तीन हजार कोटींहून जास्त रक्कम कमी झाली.

माणदेशी, अर्थसंकल्पाची कागदपत्रं उघडाल तेव्हा पहिल्या रकान्यावर थांबू नका. मूळ अंदाजाशेजारी सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दिलेला असतो. तंत्रज्ञान, उपयोजन, विज्ञान आणि इन्सॅट अशी शीर्षं वेगळी आहेत. तंत्रज्ञानाचा वाटा सर्वांत मोठा, विज्ञानाचा त्यापुढे अगदीच लहान. दुष्काळ, मासेमारी, पूर यांची बरीचशी कामं उपयोजन या शीर्षाखाली सापडतील. तिथे मूळ आणि सुधारित आकड्यांत दरवर्षी किती अंतर पडतं, ते आधी काढा.