‘फ्री एजंट’ : मोकळा, करारमुक्त की फुकट?

क्रीडापान :
पुण्यातल्या फुटबॉल अकादम्यांमध्ये येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी करारातल्या शब्दांची मराठी पत्रिका करायची आहे, चार पानांच्या आत. पहिल्याच शब्दाला गाडी अडली आहे. ‘फ्री एजंट’ला, म्हणजे करार संपल्यामुळे कोणत्याही क्लबशी बांधलेला नसलेल्या खेळाडूला, कोणी ‘मुक्त खेळाडू’ लिहितो, कोणी ‘मोकळा’, आणि ‘क्लबने त्याला फुकटात सोडले’ हे वाक्य तर सर्रास वाचायला मिळते. पाठोपाठ ट्रान्सफर, लोन, रिलीज, सायनिंग-ऑन फी यांचीही रांग आहे. करार इंग्रजीत असतो आणि सही मात्र मुलाला नि पालकांना करायची असते. त्यामुळे शब्द नुसता शुद्ध असून भागणार नाही, वाचणाऱ्याला पैशाचा आणि हक्काचा अर्थ बिनचूक कळला पाहिजे. काय सुचवाल?

डावखुरा :
आधी ‘एजंट’ बाजूला काढा. आपल्याकडे एजंट म्हटले की आरटीओबाहेरचा, विम्याचा किंवा जागेचा एजंट डोळ्यांपुढे येतो, म्हणजे मध्ये पडून टक्केवारी घेणारा. ‘फ्री एजंट’मधला एजंट तो नव्हे. इथे त्याचा अर्थ ‘स्वतः निर्णय घेऊन कृती करणारा’ असा आहे. पाणिनीचे सूत्रच आहे, ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४). फ्री एजंट म्हणजे नेमका हा स्वतंत्र कर्ता. पत्रिकेत अर्थातच हा शब्द चालणार नाही, पण अर्थ इथूनच घ्यावा. ‘मुक्त दलाल’, ‘मुक्त प्रतिनिधी’ ही भाषांतरे सरळ चुकीची आहेत. खेळाडूच्या वतीने बोलणी करणाऱ्याला ‘एजंट’च राहू द्या, आणि खेळाडूसाठी एजंट हा शब्द वापरूच नका.

बालेवाडीकर :
डावखुरा यांच्याशी सहमत. आता ‘फ्री’कडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. इंग्रजीत मोकळा आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द. मराठीत दोन वेगळे शब्द असताना आपण चुकीचा उचलतो. करार संपलेला खेळाडू घेताना नव्या क्लबला जुन्या क्लबला हस्तांतराची रक्कम द्यावी लागत नाही, एवढाच त्या ‘फ्री’चा अर्थ. नवा क्लब खेळाडूला सहीचे पैसे देतो, एजंटचे शुल्क देतो, आणि वाचलेल्या रकमेतला वाटा खेळाडू पगारात मागतो. खेळाडू तरुण असेल आणि एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे जात असेल तर प्रशिक्षण-भरपाईही लागू होऊ शकते. ती त्याच्या वयाच्या २३व्या वर्षापर्यंतच्या बदलांना असते आणि १२व्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांसाठी असते. हे छोट्या अकादम्यांना मुद्दाम सांगा. मुलगा आपल्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नोंदलेला होता याची नोंद महासंघाच्या प्रणालीत नसेल, तर पुढे भरपाई मागायला हातात काही राहत नाही. मैदानावरचे हजेरीपत्रक म्हणजे नोंदणी नव्हे.

तेव्हा ‘फुकटात गेला’ हे वाक्य पत्रिकेत उदाहरणादाखलही नको. ‘करार संपल्यावर गेला’ म्हणा.

जुनाशब्द :
‘मोकळा’ हा माझा सर्वांत आवडता शब्द, पण इथे तो गैरसमज करून देईल. ‘सध्या मोकळाच आहे’ म्हणजे रिकामा बसला आहे, हाताला काम नाही. ‘मुक्त’ फार सैल आहे : मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ, मुक्त संचार. ‘करारमुक्त’ त्यातल्या त्यात घट्ट बसतो, कारण करमुक्त, कर्जमुक्त, विषमुक्त असा साचा वाचकाच्या कानात आधीच आहे. आणि ‘करार’ मुळात अरबी, ठरणे, स्थिर होणे हा त्याचा भाव. ठरलेले संपले की करारमुक्त. ‘कंत्राटमुक्त’ मात्र नको. कंत्राट म्हटले की रस्ता, बांधकाम नाहीतर कंत्राटी कामगार आठवतो.

मसुदा :
‘करारमुक्त’ला माझी थोडी हरकत आहे. सरकारी कचेरीत ‘कार्यमुक्त करणे’ म्हणजे वरिष्ठाने आदेश काढून सोडणे. त्या वळणावर ‘करारमुक्त’ वाचला की क्लबने त्याला सोडले असा अर्थ लागतो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

एक, कराराची मुदत संपणे. कोणी कोणाला सोडलेले नाही. बातम्यांत इथे ‘क्लबला सोडचिठ्ठी’ लिहितात ते चूक. चिठ्ठीच नाही तर सोडचिठ्ठी कुठली? फिफाच्या नियमांप्रमाणे करार संपायला ६ महिने किंवा कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. मात्र बोलणी सुरू करण्याआधी नव्या क्लबने आताच्या क्लबला लेखी कळवायला हवे. खेळाडूला परस्पर फोन करून ‘जरा अंदाज घेतला’ हेही बोलणी सुरू केल्यासारखेच आहे.

दोन, उभयतांच्या संमतीने करार संपवणे. यासाठी मराठीत उत्तम शब्द आहे : फारकत. काडीमोडाच्या अर्थाने तो आपल्याला ठाऊक आहे, पण ‘फारखती’ म्हणजे देणेघेणे मिटल्याचा लेख. ‘रिलीज लेटर’ला ‘फारकतपत्र’ म्हणा. पालकांना एका शब्दात कळेल की या कागदाने हिशेब मिटतो.

तीन, एका बाजूने करार तोडणे. इथे कारण सबळ आहे की नाही यावर सगळे अवलंबून. पगार थकल्याचे कारण असेल तर नियम असा : किमान २ महिन्यांचा पगार ठरल्या तारखेला मिळालेला नसावा, खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यावी आणि रक्कम भरायला किमान १५ दिवसांची मुदत द्यावी. पुष्कळदा चूक होते ती दुसऱ्या पायरीवर. खेळाडू व्हॉट्सॲपवर ‘सर, पगार कधी?’ असे दहा वेळा विचारतो आणि तीच नोटीस झाली असे धरून चालतो. नोटिशीत कोणत्या महिन्याचे किती रुपये, ते कोणत्या तारखेला देय होते आणि १५ दिवसांत न दिल्यास करार संपवला जाईल, हे स्पष्ट हवे. ते नसेल तर सबळ कारण असूनही करारभंगाचा ठपका खेळाडूवर येऊ शकतो.

क्रीडापान :
मसुदा, फारकतपत्राचा नमुना मराठीत द्याल का? पालकांना इंग्रजी मसुदा समजून घ्यायला शेजारी ठेवता येईल.

मसुदा :
गाभा एवढाच :

‘क्लब व खेळाडू यांच्यातील दि. … चा करार उभयतांच्या संमतीने दि. … रोजी संपुष्टात येत आहे. क्लबकडून खेळाडूला पुढील महिन्यांचे येणे आहे : … एकूण रु. … ही रक्कम दि. … पर्यंत खेळाडूच्या बँक खात्यात जमा होईल. ती पूर्ण जमा झाल्यावरच उभयतांचे एकमेकांवरील हक्क संपतील. खेळाडूची नोंदणी दि. … पासून क्लबकडे राहणार नाही.’

यातला ‘जमा झाल्यावरच’मधला ‘च’ लाखमोलाचा आहे. छापील मसुद्यात बहुधा उलटे असते, ‘खेळाडूचे क्लबकडे कोणतेही येणे राहिलेले नाही’. घाईत सही होते, कारण नवा क्लब दारात उभा असतो आणि नोंदणी त्याच दिवशी संपत असते. सही झाली की थकलेल्या महिन्यांवर पाणी. म्हणून तारीख आणि रक्कम भरल्याशिवाय कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत त्याच वेळी ताब्यात घ्यावी.

बालेवाडीकर :
तारखेचा मुद्दा आणखी एका ठिकाणी महत्त्वाचा. ‘ट्रान्सफर विंडो’ला खिडकी म्हणू नका, ‘नोंदणीकाळ’ म्हणा, कारण बंद होते ती नोंदणी. सही कधीही करता येते. समजा नोंदणीकाळ ३१ ऑगस्टला संपतो. ज्याचा करार मुदतीने किंवा संमतीने ३१ ऑगस्टच्या आत संपला, त्याची नोंदणी नंतरही करण्याची सूट नियमात आहे. ज्याची संमतीची फारकत ५ सप्टेंबरची, तो करारमुक्त खरा, पण ही सूट त्याला नाही. पुढचा नोंदणीकाळ उघडेपर्यंत त्याने सराव करायचा. दोघेही ‘फ्री एजंट’, पण एक पुढच्या आठवड्यात खेळेल आणि दुसरा काही महिने बाहेर बसेल. ‘करारमुक्त’ आणि ‘नोंदणीस पात्र’ हे दोन शब्द म्हणूनच वेगळे छापा.

डावखुरा :
‘करारमुक्त’मध्ये आणखी एक गाठ आहे. करार संपला म्हणजे हक्क संपला, असे नेहमीच नव्हते. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनचा लिएजच्या क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. क्लबने पुढच्या करारासाठी महिना ३०,००० बेल्जियन फ्रँक देऊ केले, आधी त्याला बोनस धरून सुमारे १,२०,००० मिळत. त्याला फ्रान्सच्या डंकर्कला जायचे होते, पण करार संपूनही जुन्या क्लबला हस्तांतराची रक्कम मागता येत असे. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या, युरोपीय संघाचा नागरिक असलेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागता येणार नाही. १९९० ते १९९५ या काळातल्या बोसमनला तुम्ही काय म्हणाल? करार नाही, पण मुक्तही नाही.

अमेरिकी फुटबॉलमध्ये ही अवस्था आजही आहे. एनएफएलमध्ये ३ हंगाम झालेल्या खेळाडूचा करार संपला तरी त्याचा क्लब विशिष्ट प्रस्ताव देऊन दुसऱ्या क्लबच्या बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क राखू शकतो. ४ हंगाम झाले की तो सहसा पूर्ण मोकळा, पण तिथेही क्लब एखाद्यावर ‘फ्रँचायझी टॅग’ लावून त्याला आणखी एक वर्ष धरून ठेवू शकतो. अमेरिकी बातम्या मराठीत आणताना ‘मर्यादित करारमुक्त’ आणि ‘पूर्ण करारमुक्त’ असा भेद करावाच लागेल. पुण्याच्या पत्रिकेत त्याची गरज नाही.

जुनाशब्द :
ट्रान्सफरबद्दल थोडक्यात. ‘बदली’ नको, कारण ‘बदली खेळाडू’ म्हणजे सामन्यात दुसऱ्याच्या जागी उतरणारा. ‘हस्तांतरण’ जमिनीचे होते, माणसाचे नाही, पण इथे हात बदलते ती नोंदणी. म्हणून ‘नोंदणी-हस्तांतर’ बरोबर आहे. लोनला ‘कर्जाऊ खेळाडू’ अजिबात नको. कर्ज म्हटले की व्याज आले. ‘उसना’ सुंदर आहे : शेजारून वाटीभर साखर आणली की तेवढीच परत. मात्र उसन्याला मोबदला नसतो आणि क्लब उसनवारीसाठीही शुल्क घेतात, एवढे तळटिपेत सांगा. पगार कोणता क्लब किती देणार, हेही उसनवारीच्या कागदातच लिहिलेले हवे.

सायनिंग-ऑन फीला ‘इसार’ सुचवायचा मोह होतो. तो आवरावा. इसार पुढे किमतीत वळता होतो आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर बुडतो. सहीचे पैसे पगारात वळते होत नाहीत. ‘सही-रक्कम’ म्हणा.

मसुदा :
सही-रक्कम बऱ्याचदा हप्त्यांनी असते. खेळाडू हंगामाच्या मध्यात गेला तर उरलेले हप्ते मिळणार की नाही, ते करारात लिहिलेले असावे. बोलण्यांच्या बाबतीत पत्रिकेत दोन गोष्टींना जागा द्या.

पहिली, ‘१+१’. पालक याला ‘दोन वर्षांचा करार’ म्हणतात. तसा तो नसतो. एक वर्षाचा करार आणि दुसऱ्या वर्षाचा पर्याय. आता ‘पर्याय’ कोणाचा? मराठी वाक्यात हा ‘कोणाचा’ गाळला की सगळा अर्थ सांडतो. ‘एका वर्षाच्या वाढीचा पर्याय राहील’ असे न लिहिता ‘क्लबला पर्याय राहील’, ‘खेळाडूला पर्याय राहील’ किंवा ‘उभयतांच्या संमतीने’ असे लिहावे. पर्याय क्लबचा असेल तर तो कोणत्या तारखेपर्यंत लेखी कळवायचा आणि दुसऱ्या वर्षाचा पगार किती, हेही लगेच विचारा. तारीख नसेल तर मुलगा मे महिना उजाडला तरी करारमुक्त आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी, रक्कम. ‘बारा लाख’ हे एकूण की हातात पडणारे? १० महिन्यांच्या हंगामासाठी एकूण १२ लाख म्हणजे महिना १ लाख २० हजार, आणि १० टक्के करकपात धरली तर खात्यात १ लाख ८ हजार. बोलताना ‘एकूण’ आणि ‘हातात’ हे दोन शब्द वापरले की घासाघीस योग्य आकड्यावर होते. करार दहा महिन्यांचा असेल तर उरलेल्या दोन महिन्यांचा पगार नाही, हेही तेव्हाच ध्यानात येते.

वैद्यकीय तपासणीचेही सांगून ठेवतो. ‘तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार लागू’ अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. तपासणी सहीच्या आधी.

क्रीडापान :
आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी?

मसुदा :
फिफाच्या नियमांनी त्यांचा करार ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा मान्य होत नाही (सज्ञान खेळाडूंना कमाल ५ वर्षे). भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षमच नाही. म्हणून पालकांची सही घेतली तरी कागद एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घालावा, आणि मुलगा १८चा झाल्यावर नव्याने करार करावा.

जुनाशब्द :
शब्दाचे बघा. कायद्याच्या मराठीत अशा मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात, सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’ अजून दिसते. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात जाणाऱ्या पत्रिकेत त्याला अज्ञान म्हणणे बरे नाही. ‘१८ वर्षांखालील’ एवढे पुरे.

क्रीडापान :
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली नोंद अशी केली आहे, तपासाल का?

‘करारमुक्त खेळाडू : ज्याच्या कराराची मुदत संपली आहे किंवा ज्याने क्लबशी लेखी फारकत घेतली आहे, असा खेळाडू. त्याला घेणाऱ्या क्लबला आधीच्या क्लबला हस्तांतराची रक्कम द्यावी लागत नाही. तो लगेच खेळू शकेल की नाही, हे करार संपल्याच्या तारखेवरून ठरते.’

मसुदा :
‘फारकत घेतली आहे’ऐवजी ‘ज्याची क्लबशी लेखी फारकत झाली आहे’ करा. घेतली म्हटले की एकानेच निर्णय केल्यासारखे वाटते. सबळ कारणाने करार संपवलेल्या खेळाडूची नोंद वेगळी करा, तिथे नोटिशीची तारीख आणि १५ दिवसांची मुदत आलीच पाहिजे. आणि शेवटच्या वाक्यात ‘करार संपल्याच्या तारखेवरून’च्या आधी ‘नोंदणीकाळ आणि’ हे दोन शब्द घाला.