मदत हवी आहे: मेंदूतलं सेरोटोनिन वजन न घटवता साखर कशी उतरवतं?

टाइप २ मधुमेहावरच्या सेमिनारसाठी आकृती काढतोय आणि एका बाणावर अडलोय. हायपोथॅलॅमसमधून (भूक आणि साखर सांभाळणारा मेंदूचा भाग) निघालेला बाण यकृतापर्यंत नेलाय, पण मध्ये प्रश्नचिन्ह आहे. तिथे इतक्यांदा खोडलंय की कागद फाटायला आलाय.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे माहीत आहे. त्यामुळे आतड्याबद्दलची उत्तरं कृपया नकोत. मेंदूतलं सेरोटोनिन २सी रिसेप्टरमार्फत (चेतापेशीवरचा सेरोटोनिनचा एक ग्राहक) हायपोथॅलॅमसमधल्या भूक आवरणाऱ्या पीओएमसी चेतापेशींना चालना देतं, भूक मंदावते, वजन उतरतं, इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो. इथवर ठीक. पण उंदरांना २सी उद्दीपकाचा (तो रिसेप्टर चालू करणाऱ्या औषधाचा) अगदी कमी डोस दिला, खाणं-वजन तसंच राहिलं, तरी ग्लुकोज सहनशीलता (दिलेली साखर रक्तातून हटवण्याची क्षमता) सुधारली! म्हणजे नुसतं ‘वजन घटलं म्हणून साखर घटली’ म्हणून भागत नाही.

लॉर्कासेरिन या वजन घटवणाऱ्या २सी उद्दीपक औषधाची माहितीही चाळली (२०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता, कर्करोगाच्या शंकेमुळे २०२० मध्ये माघार). त्यावर मधुमेहींचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचं माप) खाली आलं, पण वजनही घटलं. मग श्रेय कुणाला द्यायचं?

स्वतःसाठी औषध शोधत नाहीये, उपचाराचा सल्ला नको. रसायनशास्त्र झेपतं, चेतासंस्थेचा भाग कच्चा आहे. त्या बेताने सांगा.

पीओएमसी पेशींचा निरोप यकृताकडे मुख्यतः स्वायत्त चेतातंतूंमधून जातो की संप्रेरकांमार्फत? आणि माणसांमध्ये वजनाचा परिणाम वेगळा काढून हे तपासायचं तर प्रयोग कसा आखतात?