बिळिगिरी रंगन बेट्ट : एका दिवसात काय पाहावे?

पायवाट : डिसेंबरअखेरीस आम्ही चौघे आठवडाभर म्हैसूरला असणार आहोत; सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आहेत. सगळे कोडगू किंवा उटी सुचवतात, परंतु नाताळच्या सुटीतली तिथली गर्दी एकदा सोसलेली असल्याने या वेळी चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरी रंगन बेट्टाला जावे असे मनात आहे. वाघ दिसेल अशी आशा न धरता एका दिवसासाठी तिथे जाणे सार्थकी लागेल का, आणि देवळाखेरीज तिथे समजून घेण्यासारखे काय आहे?

कावेरीकाठ : जरूर जा. म्हैसूरहून अंतर साधारण ९० किलोमीटर आहे. जाताना नंजनगूड, चामराजनगर करत के. गुडीच्या जंगलातून चढावे आणि परतताना यळंदूरकडे उतरावे, म्हणजे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. अंधार पडल्यावर वनखात्याच्या नाक्यांवर गाड्या अडवतात, त्यामुळे पहाटेच निघणे बरे. पायथ्याची काटेरी झुडपे, त्यावरचे पानझडी रान आणि माथ्यावरच्या गवताळ उतारांच्या घळींत दडलेली सदाहरित शोला जंगले, असे सारे काही तासांत पाहायला मिळते. पूर्व आणि पश्चिम घाटांना सांधणारी ही रांग असल्याने दोन्हीकडची झाडे इथे भेटतात.

कन्नडमध्ये ‘बिळि’ म्हणजे पांढरा. ज्या फिकट कड्यावरून डोंगराला हे नाव पडले, त्याच्याच टोकाशी रंगनाथाचे देऊळ आहे. इथल्या सोलिग आदिवासींच्या समजुतीप्रमाणे रंगनाथाने त्यांच्या कुसुमालेशी लग्न केले, म्हणून ते देवाला ‘भाव’, म्हणजे बहिणीचा नवरा, म्हणतात. खंडोबा आणि धनगरांची बाणाई यांची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला हे नाते फोड करून सांगावे लागणार नाही. देवाला वाहिलेल्या चामड्याच्या भल्यामोठ्या चपलाही वडिलांना आवर्जून दाखवा. देव रात्री रानात हिंडतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे.

रानभूल : वरील माहितीत एका गोष्टीची भर घालतो, कारण बहुतेक पर्यटक ती गाडीच्या काचेतून पाहतात आणि हिरवाई समजून खूश होतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे दाट झुडूप दिसते, त्यातील बरेचसे घाणेरी आहे. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या या वनस्पतीने इथले रान अक्षरशः गिळले आहे : १९९७ च्या पाहणीत ती सुमारे ४१ टक्के नमुना-क्षेत्रांत आढळली होती, तर २००८ मध्ये ८१ टक्के. सोलिग जाणते याचा संबंध वणवाबंदीशी जोडतात. पूर्वी ते कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, पाचोळा पुरता वाळण्याआधी, हलकी आग लावत. त्याला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. त्या आगीने घाणेरीची रोपे मरत आणि आवळ्याच्या झाडांवरचे बांडगूळही आटोक्यात राहत असे. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यानंतर ही रीत थांबली. सगळा दोष एकट्या बंदीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथला मध आणि आवळा गोळा केला, त्यांचे निरीक्षण अडाणीपणाचे मानणे मला पटत नाही.

२०११ च्या जानेवारीत हे जंगल व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली सोलिगांचे सामूहिक हक्कही मान्य झाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला असे हक्क २००९ मध्ये मिळाले होते. इथले वेगळेपण असे, की हे हक्क वाघांच्या जंगलाच्या आत मिळाले.

पायवाट : दोघांचेही आभार. ‘दोड्ड संपिगे’ या प्रचंड सोनचाफ्याविषयी वाचले होते. वडिलांना तिथपर्यंत नेता येईल का?

कावेरीकाठ : ते झाड भार्गवी नदीकाठी, आतल्या जंगलात आहे आणि वनखात्याच्या परवानगीवाचून तिकडे जाता येत नाही. सोलिगांसाठी ते देवस्थान आहे, त्यामुळे परवानगी मिळालीच तर सोबत सोलिग वाटाड्या घ्यावा आणि बुंध्यापाशी चपला काढाव्यात. न मिळाल्यास हट्ट धरू नका. तो वेळ देवळामागच्या कड्यावर बसण्यात घालवा, वडिलांनाही ते झेपेल.